कोर्टासमोरच्या झाडाचे फासे

ट्रेस्कॉट काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये त्या दुपारी खिमा-राजम्याच्या चिलीचा वास घमघमत होता, आणि चिली म्हटली की सोबत दालचिनीचे गोड रोल आलेच. पर्ल ऑटिंगरबाईंनी ते पहाटे उठून भाजले होते. भांडायला आलेली मंडळीसुद्धा आधी मुकाट रांगेत उभी राहून वाट्या भरून घेत होती. हॅटीला हसू आलं. कॅन्ससच्या या पश्चिम टोकाला माणसं एकमेकांना खुशाल देशद्रोही म्हणतील, पण रोल थंड होऊ देणार नाहीत.

हॅटी सोळा वर्षांची. आई विचिटाच्या इस्पितळात नर्स, म्हणून ती व्हर्नामावशीकडे राहून शाळा शिकत होती. मावशी काउंटीची क्लार्क. नाव कारकुनाचं असलं तरी ते पद निवडून यायचं असतं, आणि काउंटीतल्या निवडणुका घेणं हेच त्या पदाचं काम. यंदा त्याच निवडणुकीत मावशी स्वतःही उभी होती. जिंकली, पण जेमतेम.

आणि मग लायलकाका बोलले.

लायल हॅम्बी शाळेच्या बसचे ड्रायव्हर, अर्ध्या गावाला त्यांनीच शाळेत नेलेलं. हॅटी पहिलीत असल्यापासून त्यांच्या बसने जायची, खिडकीशी बसायची आणि वाफ धरलेल्या काचेवर बोटाने गोगलगाय काढायची. मधल्या ठिपक्यापासून सुरुवात, मग गोल गोल बाहेर. "काचा मला पुसाव्या लागतात गं बये," असं ते आरशातून ओरडायचे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतले गोलही ती अजून तसेच रंगवते, मधून बाहेर. बाई म्हणतात, तुझा पेपर नाव न बघता ओळखू येतो.

तर लायलकाका म्हणाले होते एवढंच, की "मी मतपत्रिका मशीनमध्ये सरकवली. त्यानं ती गिळली, पण टुण्‌ वाजलं नाही. बाकी सगळ्यांचं वाजलं. माझं मत कुणीतरी खाल्लं."

ते 'कुणीतरी' बघता बघता मोठं झालं. गावच्या रेडिओवर त्याचा परदेशी हॅकर झाला. चर्चच्या पार्किंगमध्ये त्याला देश मिळाला, सोमवारी रशिया, बुधवारी चीन. मावशी सांगून दमली की मशीनला इंटरनेटची तारच नाही, आणि जेवढ्या मतदारांच्या सह्या तेवढ्याच मतपत्रिका, एक जास्त नाही, एक कमी नाही. ऐकतो कोण? घरचा फोन वेळी-अवेळी वाजू लागला. उचलला की शिव्या, नाहीतर नुसता श्वास. खरं तर हे फोन प्रचार सुरू होता तेव्हापासूनच यायचे. मतदानाच्या मंगळवारी हॅटी शाळेत सराव परीक्षा देत होती, आणि एक गोल रंगवता रंगवता तिच्या मनात आलं होतं, हरली तर बरं होईल मावशी. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं का ते?

आज तपासणी होती. निवडणूक झाली की पेट्यांतून काही मतपत्रिका काढायच्या, आणि मशीननं जे वाचलं तेच कागदावर आहे का, ते दोन्ही पक्षांच्या माणसांनी डोळ्यांनी बघायचं. कुठल्या मतपत्रिका काढायच्या ते फासे ठरवतात. जगाच्या पाठीवर कुठेही बसलेल्या हॅकरला दुसऱ्याच्या मुठीतल्या फाशाला हात लावता येत नाही, म्हणून. आज जुळलं नाही, तर मावशीची खुर्ची जाणार होती आणि नावही. या गावात नाव गेलेला माणूस किराणा आणायला दुसऱ्या गावी जातो.

फाशांवरूनही भांडण झालंच. मावशीनं दहा बाजूंचे फासे मागवले होते. लायलकाकांनी डबी उलटी करून चष्मा लावला.

"चीनमध्ये बनवलेले," ते म्हणाले. "चिनी फाशांनी चिनी चोर पकडणार का, व्हर्ना?"

"मग तूच दे ना लायल, तुझ्या दातांचे करून," मावशी म्हणाली. "तेही चिनीच असतील म्हणा."

शेवटी शाळेच्या सुतारकामाच्या सरांनी तोड काढली. कोर्टासमोरचं म्हातारं एल्मचं झाड उन्हाळ्यातल्या वादळात पडलं होतं. त्याच्या खोडातून त्यांनी फासे कापले, घासले, आकडे कोरले. इथल्याच मातीतलं लाकूड, त्यावर कोण काय बोलणार? मग टाकायचे कुणी? पर्लबाई रिपब्लिकन, एलिसेओ किंटाना डेमोक्रॅट, सर स्वतः कुठल्या तरी तिसऱ्याच मताचे.

"हॅटी टाकू दे," लायलकाका म्हणाले. "या खोलीत तिचंच एकटीचं मत त्या पेट्यांत नाही."

यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, आणि हॅटीला, खरं सांगायचं तर, फार भारी वाटलं.

फासे हाताला कोमट लागत होते. तिनं टाकले. आकडा आला. मावशीनं पेटीचं सील तोडलं, त्या आकड्याची मतपत्रिका काढून कॅमेऱ्याखाली ठेवली आणि ती भिंतीवरच्या पडद्यावर उमटली. त्यावर मतदाराचं नाव नसतं, सही नसते, नुसते उमेदवारांच्या नावांसमोर भरलेले काळे गोल. या मतपत्रिकेतला प्रत्येक गोल उजवीकडे थोडा सांडला होता, हात कापत असल्यासारखा.

पर्लबाईंनी आपला कापणारा उजवा हात मांडीवर घेतला आणि त्यावर डावा ठेवला.

"जुळतं," त्या म्हणाल्या. शेरीफसाठी त्या मतपत्रिकेवर डेमोक्रॅट उमेदवाराचा गोल भरलेला होता.

"कुणाची काही हरकत?" मावशीनं विचारलं. कुणाची नव्हती.

दुसऱ्या खेपेला गोल कसे, तर एका मापाचे, एका ओळीत, वेल्डिंगच्या टाक्यांसारखे. एलिसेओंनी आयुष्यभर वेल्डिंग केलं होतं. ते आधी हसले. मग त्यांनी पर्लबाईंकडे पाहिलं आणि हसू तसंच तोंडावर राहून गेलं.

"जुळतं," ते म्हणाले.

तिसरी मतपत्रिका पट्टी लावून भरल्यासारखी. सुतारकामाच्या सरांनी पेन्सिल कानामागून काढली आणि खिशात घातली.

चौथीत एका ठिकाणी पेननं लिहिलं होतं, 'कुणीच नको.' रेडिओवाला डेक्स, जो सकाळपासून गप्प बसला नव्हता, तो गप्प बसला.

पेट्यांमध्ये अख्ख्या काउंटीच्या मतपत्रिका होत्या. पार सीमेवरच्या शेतांवरून आलेल्या. आणि फासे निवडत होते ते या खोलीत बसलेल्यांच्याच. हे सगळ्यांना कळलं होतं. पण बोलणार कसं? ही माझी, असं म्हटलं की मत कुणाला दिलं तेही सांगितल्यासारखं. माणसं आपापल्या वाट्यांत बघू लागली. चिलीवर साय धरली होती.

हॅटीचा हात थांबला. "मावशी, पुरे ना?"

"नियम आहे, राणी. टाक."

तिनं टाकले. पुढच्या मतपत्रिकेत प्रत्येक गोल भरण्याआधी शेजारी बारीकसा ठिपका दिलेला होता. घरच्या सामानाच्या यादीवर मावशी असाच ठिपका देते. सगळे गोल भरलेले होते. फक्त क्लार्कच्या पदासमोरचे दोन्ही कोरे.

मावशीनं स्वतःलाही मत दिलं नव्हतं.

"जुळतं," पर्लबाई कुजबुजल्या.

"कुणाची काही हरकत?" मावशीचा आवाज जराही हलला नाही. हॅटीला तिच्याकडे बघवेना.

आता लायलकाका तेवढे राहिले होते. ते खुर्चीच्या कडेवर आले होते. टोपी दोन्ही हातांत. हॅटीला वाटलं, काकांची निघू दे. निघाली की ते गप्प होतील, फोन गप्प होतील.

शेवटची खेप.

फासे टेबलावर खूप वेळ गडगडत राहिले.

मतपत्रिका पडद्यावर आली.

गोल मधून सुरू झाले होते. ठिपका, मग वळसा, मग त्याबाहेर वळसा.

हॅटीनं डोळे मिटले, उघडले. सगळ्या गोगलगाई जागच्या जागी होत्या. क्लार्कच्या पदासाठी मावशीसमोरचा गोल कोरा होता. खालचा, दुसऱ्याच्या नावासमोरचा, छान भरलेला, मंगळवारच्या सराव परीक्षेत तिनं रंगवला होता तसाच.

"जुळतं," एलिसेओ म्हणाले.

"जुळतं," पर्लबाई म्हणाल्या.

"कुणाची काही हरकत?" मावशीनं विचारलं.

एक जास्त नाही, एक कमी नाही. हॅटीच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. मी आत आहे, तर मग बाहेर कोण आहे?

तोंड उघडलं असतं तर मावशी संपली असती. तिनं फासे मुठीत धरले आणि मान खाली घातली.

हरकत कुणीच घेतली नाही. पर्लबाईंनी आणि एलिसेओंनी सह्या केल्या. मशीन एकदाही चुकलं नव्हतं. माणसं कोट चढवून, एकमेकांना रस्ता देत, फार अदबीने बाहेर पडली.

हॅटी मावशीच्या गाडीपाशी उभी राहिली. वारा कोरडा होता, आकाश लखलखीत. लायलकाका आले आणि शेजारी उभे राहिले. ते पडलेल्या एल्मच्या बुंध्याकडे बघत होते.

"सगळ्यांची निघाली," ते म्हणाले. "माझी नाही निघाली."

हॅटीनं कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"मी क्लार्कसाठी कुणाला मत दिलं होतं, ते तुला सांगायला नको. तुझ्या मावशीला नव्हतं दिलं. म्हणजे निकाल तोच. बेरीजही तीच." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "वय काय गं तुझं आता?"

"सोळा, काका."

"सोळा," ते म्हणाले. रागाचा मागमूस नव्हता. आवाज थकलेला होता, बसचा शेवटचा थांबा आल्यावर असायचा तसा. "इतके दिवस मला वाटत होतं, कुणीतरी फार लांबचं असेल."

कोर्टहाउसच्या दाराला कुलूप लावून मावशी पायऱ्या उतरू लागली. लायलकाकांनी तिच्याकडे पाहिलं, तिला हात केला. मग कोटाची बाही तळव्यावर ओढून त्यांनी बसची काच पुसावी तशी गाडीची खिडकी पुसली, सावकाश, गोल गोल, कडेपर्यंत, आणि निघून गेले.

हॅटीनं वाकून पाहिलं. काच कोरडी होती, तिच्यावर वाफ धरलीच नव्हती. त्यांच्या बाहीचा कफ मात्र चिंब ओला झालेला तिला दिसला होता.