सान्तिनाचा पेला

बहारीनमधील झल्लाकच्या किनाऱ्यावरील ज्या हॉटेलात मी मद्यसाठ्याचा प्रमुख आहे, तेथे इटलीतील एका डोंगरी मळ्याची लाल वाइन येते. मळा एकाच कुटुंबाचा. जुन्या रिवाजाप्रमाणे द्राक्षे प्रथम माळ्यावर सुकवतात आणि मगच पिळतात. सुकताना एखादा घड नासू लागला, तर घरची म्हातारी सान्तिना तो अंधारातही वासाने हुडकते. म्हणून बाटली उघडली की पहिला पेला तिच्या नावाने भरून ठेवावयाचा आणि बाटली संपेपर्यंत त्याला हात लावावयाचा नाही, अशी त्यांची प्रथा आहे.

तिचा मुलगा तुल्लिओ या हिवाळ्यात बहारीनला आला, तेव्हा त्याने मला एक बाटली भेट दिली. माझी पत्नी मॅग्डलीन इस्पितळात परिचारिका आहे. मोठ्या तापानंतर तिचे नाक पूर्ण बधिर झाले होते. शेजाऱ्यांकडे काय शिजते ते जिन्यातच ओळखणारी ही वसईकरीण आता अन्न केवळ गिळत होती.

बुसैतीनमधल्या आमच्या घरी तिने त्या वाइनचा घोट घेतला.

“काय लागतं?”

“लाल पाणी.”

तरीही पहिला पेला तिने शेगडीशेजारच्या खिडकीत ठेवला.

“ही शुद्ध नासाडी आहे,” मी म्हणालो. “उघडी वाइन आंबते. शिवाय, इथे राखायला द्राक्षं कुठे आहेत?”

“सुके बोंबील आहेत ना! तेच राखू दे म्हातारीला. सगळ्यात वकिली करायची सवय सोडा हो आता.”

आम्ही बाटली पुरवून पीत राहिलो. पेला आंबला नाही. मी त्याची अनेक कारणे दिली. त्यांतले एकही मला स्वतःला पटले नाही.

एका दुपारी हॉटेलात तुल्लिओ फोनच्या पडद्यावर आईशी बोलत होता. त्याने फोन माझ्यापुढे धरला. सान्तिना हसली. मग तिच्या नाकपुड्या फुलल्या आणि ती तीव्र स्वरात काही बोलली.

तुल्लिओ ओशाळला. “माफ करा, मिस्टर ओस्विन. आई म्हणते, तुमच्या घरी काहीतरी करपतंय. खारट काहीतरी. तिने तर समुद्रही पाहिलेला नाही.”

मी वाद घातला नाही. घरी फोन लावला.

बराच वेळ घंटा वाजली. रात्रपाळी करून आलेली मॅग्डलीन झोपेतच बोलली.

“स्वयंपाकघरात जा. आत्ता,” मी म्हणालो.

पावले. खोकला. मग किंकाळी.

मी पोहोचलो तेव्हा तवा काळा पडला होता आणि पडदा निम्मा जळाला होता. बोंबील मंद आचेवर ठेवून ती क्षणभर आडवी झाली होती. पेला होता तसाच, काठोकाठ.

त्या रविवारी आम्ही चर्चमध्ये सान्तिनाच्या नावाने मेणबत्ती लावली. माझ्या घरातला माणूस तिने मला परत दिला. एवढे ऋण मानण्यास मला पुराव्याची गरज वाटली नाही, आजही वाटत नाही.

काल सकाळी मॅग्डलीनने हाक मारली.

“अहो, लवकर या! मला वास येतोय!”

ती पेल्यावर वाकली होती. डोळे मिटलेले, गालांवर आसवे.

“कसला?”

“ओल्या मातीचा. नुकत्याच उकरलेल्या. आणि विझवलेल्या मेणबत्त्यांचा.” ती हसली. “देवाचे उपकार, अहो!”

“उपकार,” मी म्हणालो.

खिडकीबाहेर कोरडी वाळू उडत होती.

माझा फोन वाजू लागला. पडद्यावर तुल्लिओचे नाव होते. मी तो पालथा ठेवला.

“थांबा,” ती पुन्हा वाकत म्हणाली. “फुलंही आहेत. पुष्कळ फुलं.”