तातायच्या खोक्यातलं ऑइल

"दुपारी बाराच्या आत पलीकडे पोचवा. त्यानंतरचं मी काही सांगू शकत नाही," असं म्हणून आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी उतोयच्या पोटावरचा हात काढला.

उतोय सहा वर्षांचा. कालपासून उजव्या कुशीवर हात दाबून कण्हत होता. आता त्याने कण्हणंही सोडून दिलं होतं आणि त्याची बहीण अमिहान त्यामुळेच जास्त घाबरली होती. अपेंडिक्स फुटलं तर काय होतं, ते बारा वर्षांच्या मुलीला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आठ वाजले होते. शहराचा धक्का बोटीने तीन तासांवर. बेटावरच्या सगळ्या बोटी लांबच्या खडकांकडे मासेमारीला गेलेल्या, परवा परतणार. शहरातून बोट बोलवावी तर जाऊन-येऊन सहा तास. किनाऱ्यावर दोनच बोटी उभ्या होत्या. एक म्हाताऱ्या मानोंग सेलोची, तिचं इंजिन दोन आठवड्यांपूर्वी भर समुद्रात जाम झालेलं. दुसरी काकाची, म्हणजे तियो नेस्तोरची.

आणि तियो नेस्तोर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होता.

"कालच ऑइल काढलं गं इंजिनातलं! म्हटलं, जत्रेआधी बदलून टाकू."

"मग तेच परत ओता ना," त्याचा मुलगा क्रिस्पिन म्हणाला.

"कुठून ओतू? घराच्या खांबांना फासलं सगळं. वाळवी लागू नये म्हणून."

खांब कुळकुळीत काळे चमकत होते. बेटावर सगळे असंच करतात, त्यात त्याची चूक काही नव्हती. पण अमिहानला त्या क्षणी ते खांब दाताने खरवडावेसे वाटले.

"कपितानच्या दुकानामागे पिंप आहे," तियो म्हणाला. "कॅन घे क्रिस्पिन, पळ."

कपितान म्हणजे गावचे मुखिया. दुकानही त्यांचंच. क्रिस्पिनच्या मागोमाग अमिहानही धावली. कपितान पिंपाचा हातपंप मारत होते आणि त्यांची मुलगी बेबेंग काळा कॅन धरून उभी होती. पंपाच्या नळीतून एक थेंब अमिहानच्या पांढऱ्या चपलेवर पडला. तिने खाली पाहिलं. थेंब मधासारखा हवा होता. हा दूध घातलेल्या कॉफीसारखा होता.

तिने मान वर केली. पिंप उघड्यावर उभं होतं. त्याच्या माथ्यावर परवाच्या सरीचं पाणी साचलं होतं आणि बूच त्या पाण्यात बुडालेलं होतं.

"कपितान, यात पाणी गेलंय."

"बूच घट्ट आहे पोरी. मी स्वतः आवळलंय."

"घट्ट असलं तरी जातं. ताताय सांगायचा. दिवसा पिंप तापतं, तेव्हा हवा बाहेर टाकतं. रात्री गार झालं की आत ओढतं. बुचाभोवती पाणी असेल तर पाणीच ओढतं."

ताताय म्हणजे तिचे वडील. मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात त्यांचं आयुष्य गेलं, आणि पाच वर्षांपूर्वी तिथेच त्यांचं हृदय बंद पडलं.

"तुझा बाप देवमाणूस होता," कपितान म्हणाले, "पण भाऊ तिकडे तळमळतोय आणि तू इथे शाळा भरवतेस? दोन आठवड्यांपूर्वी सेलोने इथूनच नेलं, तेव्हा कुठे..."

ते मध्येच थांबले. क्रिस्पिन मात्र थांबला नाही.

"सेलोने इथून नेलं होतं? आणि तुम्ही तर सगळ्यांना सांगितलंत, त्याने ऑइलच घातलं नाही, दारू प्यायला!"

"तोंड सांभाळ," कपितान गुरकावले.

बेबेंगने कॅन खाली ठेवला. ती वडिलांकडे बघत नव्हती. "आई मासे तळतेय," ती म्हणाली. "तवा तापलेला आहे."

तापल्या तव्यावर सोडून ऑइलमधलं पाणी ओळखायची युक्ती तातायने अमिहानला एकदा सुट्टीवर आले असताना दाखवली होती, आणि तिने ती बेबेंगला. बेबेंगने कोरडा तवा चुलीवर ठेवला, तिघं लांब उभी राहिली आणि अमिहानने लांब दांड्याच्या डावाने कॅनमधलं थोडं ऑइल त्यावर सोडलं. तडतड-तडतड असा काही आवाज झाला की बेबेंगची आई दारापर्यंत मागे सरकली.

"नुसतं ऑइल असं तडतडत नाही," अमिहान म्हणाली. "हे पाणी ओरडतंय. हे इंजिनात घातलं असतं तर उतोय समुद्राच्या मध्यावर अडकला असता."

पाठोपाठ आलेले कपितान खाली बसले.

पण तवा तडतडला म्हणून उतोय वाचत नव्हता. साडेआठ झाले होते. बेटावर दुसरं ऑइल नव्हतं.

"एक आहे," अमिहान म्हणाली आणि घराकडे पळाली.

घरी कपाटावर तातायने घरच्यांसाठी भरलेलं खोकं होतं. तातायच्या जहाजावरच्या सोबत्याने आणून दिलेलं. ते घरी पोचलं तेव्हा ताताय गेल्याची बातमी येऊन आठ दिवस झाले होते. परदेशातून आलेल्या वस्तू कुणीच लगेच वापरत नाही. त्या पाहुण्यांसाठी, सणासाठी, चांगल्या दिवसासाठी ठेवायच्या. तिच्या आईने, नानायने, तर सगळं खोकंच ठेवून दिलं होतं. गेल्या नाताळात वरची चॉकलेटं काढली, तर ती पांढरी पडून भुगा झालेली. नानाय त्या दिवशी दिवसभर रडली आणि खोक्याला पुन्हा चिकटपट्टी लावली.

अमिहान दारात उभी राहिली. "नानाय, खोक्यात ऑइलचे दोन डबे आहेत. आत चिकटवलेल्या यादीत मी वाचलेत."

उतोयचं डोकं मांडीवर घेतलेली नानाय हळूच म्हणाली, "चॉकलेटासारखं झालं असेल ते. पाच वर्षं झाली."

"वर्षांनी ऑइल मरत नाही, नानाय. पाण्याने मरतं, उघडं पडल्याने मरतं. ते कोरड्यात होतं. सील फुटलेलं नसेल तर चालेल. आणि आपण तपासून बघू."

नानायने उतोयचं डोकं हळूच उशीवर ठेवलं. मग म्हणाली, "सुरी आण."

डबे टॉवेलांत गुंडाळलेले होते. झाकणाखालचं पत्र्याचं सील शाबूत. डब्यावर तातायच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'नेस्तोरच्या इंजिनासाठी.' तियो नेस्तोरने ते वाचलं आणि तोंड फिरवलं. मग नाक ओढून तो छापलेला नंबर बघू लागला.

"डिझेलचंच आहे. नंबरही माझ्याच इंजिनाचा. विसरला नव्हता लेकाचा."

तळाशी बसलेलं मिसळावं म्हणून क्रिस्पिनने डबे खूप वेळ उलटेसुलटे केले. अमिहानने काचेच्या बरणीत थोडं ओतून उन्हात धरलं. स्वच्छ, मधासारखं. गाळ नाही, आंबूस वास नाही. बेबेंगने तवा पुसून तापवून आणला होता. सगळे श्वास रोखून उभे राहिले.

ऑइल तव्यावर पसरलं. थोडा धूर आला. बस्स. आवाज नाही.

नऊ वाजता बोट सुटली. लाटांवर आपटताना उतोय एकदाच "आई गं" म्हणाला आणि नानायने ओठ इतका चावला की रक्त आलं. तियोने पंधरा मिनिटांनी ऑइल तपासायला इंजिन बंद केलं. ते शांत झाल्यावर समुद्र भयंकर मोठा वाटला. अमिहानने ऑइल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवली, बोटावर ऑइल चोळलं.

"दुधाळ नाही. कमी झालेलं नाही."

"परत नीट बघ."

"बघितलं, तियो. चालू करा ना, चालू करा."

दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि लागलं. त्यानंतर संपता न संपणारे पावणेतीन तास ते एकदाही थांबलं नाही.

"अजून तासभर उशीर झाला असता तर अपेंडिक्स फुटलंच असतं," डॉक्टर ऑपरेशननंतर म्हणाले.

आठवड्याने सगळे परतले तेव्हा किनाऱ्यावर कपितान सेलोच्या बोटीत कोपरापर्यंत काळे होऊन बसले होते. सेलोचं इंजिन ते स्वतः उघडत होते. गावासमोर त्यांनी त्याची माफी मागितली होती. जुनं पिंप बाद झालं होतं आणि नवं छपराखाली आडवं ठेवलेलं होतं, बेबेंगच्या देखरेखीखाली.

"पोरी," ते अमिहानला म्हणाले, "त्या दिवशी मी तुझं ऐकलं नसतं तर मला पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं."

"तुम्ही ऐकलं नव्हतंत," क्रिस्पिन म्हणाला. "तव्याचं ऐकलंत."

सेलो खदखदून हसला. तियो नेस्तोरने ऑइलची पट्टी पुसायचं फडकं अमिहानच्या खांद्यावर टाकलं. "आजपासून माझ्या इंजिनाची पट्टी तू बघायची. मला भरवसा नाही माझ्यावर."

संध्याकाळी नानायने खोकं जमिनीवर उतरवलं आणि सगळी चिकटपट्टी काढून टाकली. टॉवेल उतोयला दिला. तळाशी ताताय नेहमी वापरायचे त्या साबणाच्या सहा वड्या होत्या, दगडासारख्या कडक. तिने एक पाण्यात बुडवली, हातात घोळवत राहिली. आधी काहीच झालं नाही. मग फेस आला, भरपूर, आणि घरभर तातायचा वास पसरला.