मोहाच्या सावलीतली राख

"औंढ्यापर्यंत हे पोतं, वसमतपर्यंत ते, आणि कुरुंद्याला आत्याच्या दारात पोचलो की तळाला थोडा कोळसा उरायलाच पायजे," मनकर्णा म्हणाली आणि तिनं जमिनीवर आणखी एक रेघ ओढली.

गोठ्यालगतच्या पडवीत तिनं रांगोळीनं हिंगोली ते कुरुंदा असा सगळा रस्ता काढला होता. कोळसा मिळेल तिथं कोळशाचा खडा, विहीर असेल तिथं खापरी, आणि सावली असेल तिथं लिंबाचं पान. तिचा चुलतभाऊ ग्यानबा शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता.

"आन् शेंगा कुठं मिळतील, ते काहून न्हाई मांडलं?" त्यानं विचारलं.

"तू हायेस की. चालतं पोतं."

लढाईचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, आणि चिठ्ठी ज्याची ओळख त्यालाच. म्हणून ग्यानबाच्या वडिलांनी, किसनरावांनी, एक जुनी लॉरी घेऊन तिच्या मागं कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. हे माणसाएवढं उंच लोखंडी पिंप. त्यात कोळसा पेटवायचा, त्याचा धूर नळीतून इंजिनाकडं जायचा आणि त्यावर गाडी चालायची. लॉरीवर सुतारानं लाकडाची खोली बांधली होती. तिला खिडक्या होत्या, दोन फळ्यांचे पलंग होते, माठ ठेवायला कोनाडा होता. गाव तिला 'किसनरावांचं चालतं घर' म्हणायचं. ग्यानबाच्या आईनं मात्र त्यात पाय ठेवायला साफ नकार दिला होता. "चुलीवर बसून गावाला जायला मी काय भाकर हाय?" असं ती म्हणाली होती.

शाळेला सुट्टी लागल्यापासून मनकर्णेचा जीव थाऱ्यावर नव्हता. कधी एकदा निघतो असं तिला झालं होतं आणि निघणं सारखं पुढं ढकललं जात होतं. आधी किसनराव आणि ड्रायव्हर बाबूसिंग गाडी चढ चढते का ते पाहायला घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. दुसऱ्याच दिवशी घाटाकडून आलेल्या गाडीवानानं वणव्याची बातमी आणली. वणवा विझेपर्यंत थांबा. तो विझला तर आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या. रस्ता वाळेपर्यंत थांबा.

एके दिवशी सकाळी किसनराव म्हणाले, "आज आभाळ मोकळं हाय. निघा." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मनकर्णा गाडीत जाऊन बसली होती.

*

घाटाच्या पायथ्याला मोहाची जुनी झाडं होती. मनकर्णेनं मांडलेल्या रस्त्यावर तिथं लिंबाचं सगळ्यात मोठं पान होतं. ऊन रणरणत होतं, गाडी थांबताच सगळे सावलीत शिरले. बाबूसिंगनं भट्टीचं खालचं झाकण उघडलं, लोखंडी गजानं आतली राख खाली ओढली आणि तांब्याभर पाणी तिच्यावर शिंपडलं. फस्स आवाज झाला, वाफ उठली, राख काळी पडली.

"चढाच्या आधी पेट साफ पाहिजे," तो म्हणाला. "माणसाचं आन् मशीनचं सारखंच."

"मंग आपला ग्यानबा घाट चढायचा न्हाई," मनकर्णा म्हणाली.

घाट चढून गेल्यावर तिनं सवयीनं मागच्या खिडकीतून पाहिलं. खाली, झाडांच्या वर, धुराची एक बारीक दोरी उभी होती.

"काका, मागं धूर दिसून राहिला."

"हळद शिजवत असतील कुणी," किसनराव न वळताच म्हणाले.

"त्या जंगलात हळद कुठली?"

"मनू, परत फिरलो तर कोळसा वसमतपर्यंत पुरायचा न्हाई. तूच हिशेब केलास ना? आन् समोर बघ, आभाळ पुन्हा भरून येतंय. गप बस जरा."

ती गप बसली, पण स्वस्थ बसली नाही. पुढचं वळण येईपर्यंत ती त्या धुराकडं पाहत राहिली.

कुरुंद्याला आत्यानं पुरणपोळी केली. हळदीच्या कढया पाहिल्या, मळ्यात पोहणं झालं. ग्यानबाला तिथंच राहावंसं वाटायला लागलं. मनकर्णेला मात्र पुरणपोळीसुद्धा गोड लागेना. कुणी रस्त्यानं आलं की ती धावत जायची आणि विचारायची, "घाटात काय झालं का?" कुणाला काही ठाऊक नसायचं. शेवटी किसनरावच कंटाळले. "ह्या पोरीच्या पायाला चाकं हायेत. चला बाबा घरी."

*

घाट उतरताना सगळे खिडक्यांशी आले. एका बाजूची सगळी टेकडी काळी झाली होती. मोहाच्या झाडांची खोडं उभी होती, पण पान नव्हतं, फूल नव्हतं, सावली नव्हती. त्या झाडांखाली एका धोंड्यावर मनकर्णेच्याच वयाचा एक पोरगा बसला होता. शेजारी त्याचं रिकामं घमेलं होतं.

गाडी थांबताच मनकर्णेनं उतरून त्याला नाव विचारलं.

"थावरा. तिकडच्या तांड्यावरचा." त्यानं मान वर केली नाही. "फुलं वेचायला आलो होतो. कुठून वेचू?"

"आग कुणी लावली?"

"पाटील म्हणतो, माझ्या बानं लावली. लखमा नाव त्याचं. आमी मोहाखालचा पाला दरसाल जाळतो, व्हय. खाली साफ असलं की फुलं दिसतात. पण झाडून, ढीग घालून, सकाळच्या गारव्यात, आन् विझेपर्यंत बसून. ही झाडं आमच्या पोटाची. ती आमीच काहून जाळू?" आता त्यानं वर पाहिलं. "बाला चावडीवर बसवलंय. आज ठाण्यात अमीनाकडं धाडणार. आन् तांड्यानं इथून उठायचं, असा हुकूम हाय. आमची गुरं कुठं न्यायची?"

मनकर्णा झाडांखाली फिरायला लागली. पायानं राख उकरत, वाकून पाहत. मोठ्या मोहाच्या बुंध्याशी ती थबकली. तिथं काचेसारखे वितळलेले काळे खडे पडले होते. असे खडे पाल्याच्या राखेत होत नाहीत. असे खडे बाबूसिंग भट्टीतून रोज ओढून काढायचा. आणि काळा पट्टा तिथूनच सुरू होऊन टेकडीवर पसरत गेला होता.

"ग्यानबा, पहिल्या वेळी, चढ पाहायला आले तेव्हा, काकांनी गाडी कुठं माघारी फिरवली होती?"

"त्या वळणावर म्हणाले होते. का?"

दोघं पळत तिथं गेले, मागोमाग थावरा. तिथं जुन्या वणव्याचा काळा पट्टा होता आणि त्याच्या मुळाशी तसलेच खडे.

वणवा चुकवायला आपण इतके दिवस थांबलो, आणि वणवा तर आपल्याच गाडीच्या मागनं येत होता. त्यात हे मोठं पान तिनं स्वतःच्या हातानं मांडलं होतं.

ती थेट काकांकडं गेली आणि सगळं सांगून टाकलं. किसनराव आधी ऐकत होते, मग त्यांचा चेहरा बदलला.

"राखेवर पाणी मारतो बाबूसिंग. मेलेली राख कशी पेटेल? हे असलं कुठं बोलायचं न्हाई, समजलं? गारा यायच्या आत घर गाठायचंय."

"आन् लखमा?"

"ते पाटील बघतील."

मनकर्णा परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण डोकं चालू होतं. "थावरा, तुझं घमेलं दे. ग्यानबा, तुझ्या शेंगा दे."

"शेंगा काहून?"

"दे म्हणते ना. आन् तुझं पोट दुखायला लागलंय."

"माझं? न्हाई तर."

"लागलंय. पाटलाकडं ओवा असेल."

ग्यानबानं शेंगांच्या पिशवीकडं पाहिलं, थावऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि एक लांब उसासा टाकून पोट धरून खाली बसला.

बाबूसिंग नेमानं गज घेऊन भट्टीशी गेला होता. "बाबूसिंगकाका, खाली नका टाकू, घमेल्यात द्या," मनकर्णा म्हणाली. "काकूला भांडी घासायला राख पायजे."

"ले लो बेटी, किती पाहिजे तितकी घे." त्यानं घमेलं भरलं आणि वर तांब्याभर पाणी शिंपडलं.

तिकडं ग्यानबा इतका कण्हत होता की किसनरावांना गाडी पाटलाच्या गावाकडं वळवावीच लागली. तो एरवी जेवढं खायचा ते पाहता कुणाला शंका आली नाही. थावरा डोक्यावर ओली चुंबळ ठेवून घमेलं घेऊन मागून चालत आला.

"चटका बसून राहिला गं," चावडीशी पोचल्यावर तो मनकर्णेला हळूच म्हणाला.

"बसू दे. चांगली खूण हाय."

*

चावडीच्या ओट्यावर माणिकराव पाटील आणि गावातले चारदोन जाणते बसले होते. खाली लिंबाशी लखमा गुडघ्यात मान घालून बसला होता. पोराला पाहून तो उठायला लागला, तसा कोतवालानं त्याला खांदा दाबून बसवलं.

ग्यानबाला ओवा मिळाला. तो त्यानं तोंड वाकडं करून चघळला. घमेलं मनकर्णेनं ओट्यावर, वाऱ्याच्या तोंडाला ठेवलं.

"पोरी, चावडीत राख काहून आणली?" पाटलांनी विचारलं.

"भांड्यांना, पाटील. बाबूसिंगकाका, ही अशीच उघडी ठेवली तर चालंल ना? वारा सुटलाय."

"पूरी मर गई वो," बाबूसिंग हसला. "रोज रस्त्यात टाकतो, एक तांब्या पाणी की काम खतम. आजतक कुछ नहीं हुआ."

"मोहाखाली पण अशीच टाकली होती?"

"हौ. तिथंच. सावली चांगली."

किसनराव खाकरले. मनकर्णेनं त्यांच्याकडं पाहायचं टाळलं आणि परकराआडून शेंगांची मूठ राखेत खुपसली.

चहा आला. आभाळ, गारा, कोळशाचा भाव अशा गप्पा सुरू झाल्या. मनकर्णेला बसवत नव्हतं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. वारा घमेल्यावरून सरसर जात होता. राख वरून काळी ती काळीच. अजून काही नाही. अजून नाही. कोतवालानं लखमाला उठवलं. "पाटील, निघू का ह्याला घेऊन? ऊन उतरलं."

"थांब," पाटील म्हणाले. त्यांनी नाक वर केलं. "शेंगा कोण भाजून राहिलं?"

सगळे इकडंतिकडं पाहायला लागले. चूल कुठंच नव्हती. वास मात्र खमंग सुटला होता. ग्यानबाला आता राहवलं नाही. पोटदुखी विसरून तो घमेल्याशी गेला, काडीनं राख उकरली आणि एक काळी पडलेली शेंग बाहेर काढली. आतला कोळसा लालभडक होता.

"मेलेल्या राखेत भाजल्या, पाटील," मनकर्णा म्हणाली. "आता ह्याच्यावर सुकं गवत टाकून बघा."

पाटील स्वतः उठले. छपरातून मूठभर गवत ओढून त्यांनी राखेवर ठेवलं. आधी धूर आला. मग एक वाऱ्याची झुळूक, आणि गवत भपकन पेटलं.

बाबूसिंगनं गाडीला टांगलेल्या आपल्या तांब्याकडं पाहिलं, जणू तो तांब्याच खोटं बोलला होता.

सगळ्यांच्या नजरा किसनरावांवर गेल्या. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पाटील, दोन्ही वणवे माझ्या गाडीनं लावले. पोरीनं मला सांगितलं होतं, मी तिला गप केलं. लखमाला सोडा. अमीनाकडं जायचं तर मी जातो."

"जागा मी निवडली होती," मनकर्णा म्हणाली. "सावली बघून."

"सावली बघितलीस त्यात काय चुकलं?" पाटलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण तू आग कुठनं निघाली ते जाऊन पाहिलंस. आमी इथं बसून ठरवलं. तांडा हाय, मोह हाय, म्हणजे त्यांनीच लावली. एकानंही तिथवर जायची तकलीफ घेतली न्हाई." ते लखमाकडं वळले. "लखमा, तांडा हाय तिथंच राहील. माझं चुकलं. अमीनाला मी स्वतः सांगतो, आन् किसनराव माझ्यासंगं येतील."

थावरा बापाच्या कमरेला मिठी मारून उभा राहिला. किसनराव खाली उतरून त्या दोघांसमोर गेले.

"फुलं मला परत आणता येणार न्हाईत. पण गुरांचं रान जळलंय. पाऊस पडेपर्यंत कडबा मी पुरवीन."

"कडबा?" लखमानं लॉरीच्या मागं धुमसणाऱ्या पिंपाकडं पाहिलं. "ह्या चुलीवर ठेवून?"

ओट्यावर कुणीतरी खो खो हसलं, मग सगळेच. किसनरावसुद्धा. "न्हाई बाबा. बैलगाडीनं."

*

अमीनाकडून किसनराव आल्यावर, दुसऱ्या दिवशी, गाडी पुन्हा हिंगोलीच्या वाटेला लागली. निघण्याआधी मनकर्णेनं चावडीच्या ओट्यावर रस्ता नव्यानं मांडला होता. त्यात लिंबाचं पान एकही नव्हतं. पुढचा थांबा उघड्या माळावर, नुसत्या खडकावर होता. ऊन डोक्यात शिरत होतं.

"कुणी ठरवली ही जागा?" ग्यानबा कुरकुरला. "झाड न्हाई, झुडूप न्हाई."

"म्हणूनच ठरवली."

बाबूसिंगनं न सांगता खड्डा खणला, राख त्यात ओढली, घागरभर पाणी ओतलं, ढवळलं, पुन्हा ओतलं. मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, "बेटी, आता तू सांगशील तेव्हा."

मनकर्णेनं राखेत एक शेंग पुरली आणि खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसली. दूर घराच्या दिशेला ढग काळवंडत होते. किसनराव आभाळाकडं पाहत येरझाऱ्या घालत होते, ग्यानबा पाण्याच्या माठाभोवती घुटमळत होता. जिचा पाय कधी एका जागी ठरला नव्हता ती पोरगी मात्र हलली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं राखेत हात घातला, शेंग काढली आणि ग्यानबाकडं दिली. त्यानं ती फोडून तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"कच्ची हाय."

मनकर्णा परकर झटकून उठली.

"मंग चला."