सध्या उघडं आहे

शटरच्या कुलुपावर धूळ होती. वरच्या कडेवर बारीक, सारखा थर. कुणी किल्ली लावली असती, नुसतं कुलूप हलवलं असतं, तरी तो विस्कटला असता.

विस्कटला नव्हता.

आणि दर्शनाच्या हातातल्या फोनवर, त्याच दुकानाच्या नावाखाली, हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं... सध्या उघडं आहे.

हे घडलेलं आहे. दर्शना माझी मामेबहीण. बीएस्सी झालेली, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी. गेल्या मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी, भर दुपारी, गिरगावात ठाकूरद्वारजवळच्या एका गल्लीत ती त्या शटरसमोर उभी होती. तिने मला जसं सांगितलं तसंच सांगते.

ती लोअर परळच्या एका लहानशा ऑफिसात कामाला होती. दुकानांची इंटरनेटवरची खाती सांभाळायची. पत्ता, वेळा, फोटो टाकायचे, गिऱ्हाइकांच्या रिव्ह्यूंना उत्तरं द्यायची. हिंदमाताच्या साडीवाल्यांपासून दादरच्या क्लासवाल्यांपर्यंत सगळ्यांचे पासवर्ड तिच्याकडे.

गिरगावच्या त्या दुकानाच्या मालकांचा, कमलाकांत चष्मेवाल्यांचा, मात्र ई-मेलच नव्हता.

"तुझाच टाक ना," काका म्हणाले होते. "मी चष्मे पुसू की तुमची पत्रं वाचू?"

तिने टाकला. स्वतःचा ई-मेल, स्वतःचा फोन नंबर. या कामात घाईघाईत सगळेच करतात ही चूक. दुकान काकांचं, पण इंटरनेटवरच्या त्या पानाची मालक दर्शना.

काका गणपतीत गेले. दुकानाला कुलूप लागलं, वीज तोडली. दुकानाच्या वरच राजलक्ष्मीकाकू राहतात, काकांच्या पत्नी. दर्शनाने त्यांना विचारलं, "काकू, पानावर 'कायमचं बंद' लिहू का?"

"एवढ्यात नको गं. पुढच्या महिन्यात बघू."

पुढचा महिना आला. काकू तेच म्हणाल्या.

मग रिव्ह्यू यायला लागले.

'काकांनी नंबर दोनदा तपासला. अगदी अचूक.'

'माणूस प्रेमळ. दुकानात उजेड जरा कमी आहे.'

कुणाचा तरी चावटपणा, असं दर्शनाला वाटलं. म्हणून ती स्वतः गेली आणि तिने ते कुलूप पाहिलं. तिथेच उभं राहून, काकूंना न विचारता, तिने पानावर 'कायमचं बंद' करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी...

सध्या उघडं आहे.

बदल कुणी केला, तेही तिथे दिसत होतं. दर्शना. तिचंच नाव.

तिने पासवर्ड बदलला. पुन्हा बंद केलं. पुन्हा उघडं. शेवटी पानच पुसून टाकलं. डबा खाऊन येईपर्यंत ते परत आलेलं.

त्याच सुमारास माटुंग्याच्या एका लॅबमध्ये तिला नोकरी लागली. कितीतरी वर्षं हवं होतं ते काम. इथली सगळी खाती तिने निलेशच्या हवाली केली. निलेश तिचा बॉस. एवढं एक खातं राहिलं. त्यातून मालकाला नुसतं बाहेर पडता येत नाही. आधी दुसऱ्या कुणाला तरी मालक करावं लागतं, मगच सुटका.

"टाक माझ्या नावावर," निलेश म्हणाला. "भूत असेल तर त्याला पण वर्षाचं पॅकेज विकू."

तिला हसू आलं. तिने त्याचा ई-मेल टाकला. बटणावर बोट नेलं.

"पण काय गं, काल दुपारी कुठे हरवली होतीस?"

"मी? इथेच तर होते."

"होतीस ना. स्क्रीनसमोर खाली मान घालून. हाका मारतोय, मारतोय, तू ढिम्म. मग एकदम बोललीस, गिऱ्हाईक होतं."

तिला काहीच आठवेना.

नकळत तिने बोटं नाकाशी नेली...

स्पिरिट. भिंगं पुसायचं.

तेवढ्यात फोनवर नवा रिव्ह्यू आला. सोबत फोटो. एक मुलगी नवा चष्मा लावून आरशात बघतेय. आरशात मागे काउंटर दिसतोय. काउंटरपलीकडे, खुर्चीत, खाली मान घातलेली एक बाई...

पिवळा कुर्ता. दर्शनाचा. कालचा.

हातातला फोन वाजला.

"हॅलो, चष्मेवाले ना? मी दुकानासमोर आहे."

"दुकान बंद आहे. काका वारले."

"काय बोलताय मॅडम? काका समोर बसलेत. तेच बोलले, मॅडमना फोन लावा, आज अजून आल्या नाहीत."

तिने फोन कापला.

"टाकतेस ना?" निलेशने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. ज्याचं नाव टाकेन तो तिथे बसेल, हे तिला तेव्हा कळलं. तिने बोट मागे घेतलं, पर्स उचलली आणि थेट गिरगाव गाठलं.

काकू घेवडा निवडत बसल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. आणि खालून, वीज तोडलेल्या दुकानातून, आवाज येत होता...

घर्र. थांबला. घर्र.

भिंग घासायचं चाक.

"काकू, ऐकू येतंय तुम्हाला?"

"रोज येतं. दुपारचं."

"म्हणून बंद नको म्हणत होतात?"

काकूंनी शेंगेची शीर ओढली. "तो आवाजही गेला, तर या घरात उरतं काय गं?"

"मला सोडवा, काकू." दर्शना त्यांच्यासमोर खाली बसली. "दुपारी मी कुठे असते, माझं मला माहीत नसतं. मी त्यांची कुणी नाही. बंद करून बघितलं, होत नाही. नाव काढायचं तर दुसऱ्याचं टाकावं लागतं. कुणाचं टाकू? कुणाला बसवू तिथे?"

तिने फोटो पुढे केला. काकूंनी फोन लांब धरून पाहिला. बराच वेळ.

"ही खुर्ची माझ्यासाठी आणली होती त्यांनी. दुकान उघडलं तेव्हा. म्हणाले, तू शेजारी बसत जा. मी म्हटलं, घरचं कोण बघणार? त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही गेले नाही."

खालचं चाक थांबलं. कुणीतरी कान देऊन ऐकत असावं, तसं.

इथून पुढचं सांगताना मला अजून बरं वाटत नाही. दर्शना आता माटुंग्याला रमली आहे. तिच्या बोटांना कसला वास येत नाही. काकूही तशा बऱ्या आहेत. सणावारी दर्शनाला फोन करतात, तब्येत विचारतात. फक्त दुपारी त्या फोन उचलत नाहीत. ते पान मी आजवर उघडून पाहिलेलं नाही.

त्या दिवशी काकूंनी मांडीवरची परडी खाली ठेवली. पदराला हात पुसले. जिन्याच्या दाराकडे पाहिलं, मग दर्शनाकडे.

"माझ्या नावावर कर," त्या म्हणाल्या. "मी बसते."