बदलीचा पहारा

साल एकोणीसशे अडुसष्ट. फेब्रुवारी सरत आला होता, पण थंडी अजून हाडांतून गेली नव्हती. तळावरच्या टेहळणी मनोऱ्यावर तो उजेड दिसला त्याला नऊ दिवस झाले, तेव्हा चौकशीला मेजर आला.

हवालदाराला त्याने तिसऱ्यांदा बोलावलं. टेबलावर पहाऱ्याची वही उघडी होती. त्या रात्रीच्या पानावर नाव हवालदाराचं. नाहीसा झाला होता तो त्याचा दाजी, धाकट्या बहिणीचा नवरा, त्याच पलटणीतला शिपाई.

हवालदाराने पुन्हा खरं तेच सांगितलं. अंगात ताप होता म्हणून दाजी त्याच्या जागी चढला. घरचाच माणूस, म्हणून बदली वहीत मांडली नाही. सकाळी वर बंदूक होती, टोपी होती, मग्यातला रात्रीचा चहा वाफाळत होता. माणूस नव्हता. खालच्या दोघांनीही उजेड पाहिला होता. भर दुपारसारखा, पण आवाज नाही. आणि सावल्या पडल्या त्या उजेडाच्याच दिशेला.

मेजर म्हणाला, हवामान खात्याचा फुगा असेल. माणूस पळाला. मेहुणा मेहुण्याची बाजू घेणार, यात नवल कसलं? उद्या वहीत फरारी असा शेरा पडेल.

शेरा पडला की बहिणीच्या घरी पगार बंद. दोन पोरांना गाव पळपुट्याची पोरं म्हणणार. बहीण एकदाच बोलली होती, "दादा, ते तुझ्या वाट्याचं होतं."

"आज मी चढतो, साहेब."

"चढ. फोन कानाला ठेव, मी खालच्या खोलीत बसतो. उजेड भेटला तर माझा सलाम सांग."

मध्यरात्र टळली. रातकिडे एकाएकी गप्प झाले. जळक्या तारेसारखा वास आला. मग डोक्यावर आभाळ पांढरं झालं.

"साहेब... आला."

फोनमध्ये मेजर हळूच म्हणाला, "मलाही दिसतोय... खाली ये."

हवालदाराने पायाशी पाहिलं. त्याची सावली कठड्यावरून पलीकडे, वर गेली होती. जमीन नव्हती तिथेही ती पडली होती. पाय उचलेना.

पाठीमागे शिडी वाजली. कुणीतरी वरून खाली उतरत होतं. बूट घासत चालायची ती खोड ओळखीची होती. मान वळेना. त्याने पायऱ्या मोजल्या, एकवीस. खाली दार उघडलं. फोनमध्ये खुर्ची कोसळली, आणि जांभई देत कुणीतरी बोललं,

"पहारा संपला, साहेब. आमच्या मेहुण्यांचा ताप उतरला का?"

हवालदाराला हाक मारावीशी वाटली. त्याने मारली नाही. उजेड खाली येत होता. त्याने फोन जागेवर ठेवला, बंदूक खांद्याला अडकवली आणि ताठ उभा राहिला.

एका रात्रीचं देणं होतं. फिटलं.