हर्षदच्या माइकमधली म्हातारी

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो हर्षद आजही नाते गावात राहतो, महाडच्या एमआयडीसीत कामाला जातो, आणि हा विषय निघाला की उठून बाहेर जातो.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. पहिला बुधवार. दुपारचे साडेबारा, बाहेर लख्ख ऊन.

बुधवार हर्षदच्या सुट्टीचा. आठवडाभर केमिकलच्या वासात काढल्यावर त्याला एकच गोष्ट हवी असायची... गेम. पोलादपूरची श्रुतिका, तिचा भाऊ हृतिक आणि हर्षद, अशी तिघांची टीम. कॉलेजपासूनची. हेडफोन लावायचा, माइकवर गप्पा मारत दोन तास खेळायचं.

अडचण फक्त कॉम्प्युटरची होती.

तो त्याने पोलादपूरच्या सुनीलकडून घेतला होता. सुनीलचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं सेंटर होतं, ते बंद झालं तेव्हा. कंपनीचा तयार डेस्कटॉप, लहानसा डबा. फॉर्म भरायला ठीक. गेम लावला की चित्र अडकायचं. शत्रू समोर यायचा, स्क्रीन गोठायची, आणि सुटेपर्यंत हर्षद मेलेला असायचा.

"दर वेळी तुझ्यामुळे हरतो," हृतिक म्हणायचा. आणि ते खरंच होतं.

म्हणून त्या बुधवारी हर्षदने डबा उघडला आणि जास्तीची रॅम बसवली. गेम जरा सुधारला. दहा मिनिटं झाली असतील...

"हर्षद, तुझ्याकडे कोण खोकतंय?" श्रुतिकाने विचारलं.

घरात कोणी नव्हतं. त्याची आई तुळसाबाई भात कापायला गेली होती.

"कोण नाय."

"अरे, अगदी तुझ्या मागे..."

हर्षदने वळून पाहिलं. मागे भिंत होती.

पुढच्या बुधवारी त्याने जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी टाकली. गेम झटकन उघडला. हर्षद खूश झाला. पाच मिनिटंच.

"कोणीतरी म्हातारी बोलतेय," हृतिक म्हणाला. "तुला काहीतरी विचारतेय. आधी तिला उत्तर दे, मग खेळू."

हर्षदला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त पंख्याची घरघर. त्याने स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पाहिला. त्यातही घरघरच. दोघं मिळून आपली मस्करी करतायत, अशी त्याची खात्री झाली. तो चिडला, तेही चिडले. सामना हरले तो वेगळाच.

तरी त्याने नवा हेडफोन घेतला, नवा माइक घेतला. म्हातारी तशीच.

मग आलं ग्राफिक्स कार्ड.

इथून हर्षदच्या डोक्याचा पार भुगा झाला. कार्ड डब्यापेक्षा बोटभर लांब निघालं. पत्रा कापून बसवलं, तर जुना पॉवर सप्लाय त्याला पुरेना. नवा पॉवर सप्लाय आणला, तर त्याची पिन जुन्या मदरबोर्डला लागेना. कंपनीने पिनच वेगळी दिलेली. महाडच्या दुकानदाराने हात वर केले. "तयार डब्याचं असंच असतं. बोर्डच बदला." नवा बोर्ड आणला, तर तो डब्यात मावेना. प्रोसेसर नव्या बोर्डवर चालेना.

एक वस्तू बदलायची म्हणून सुरू केलं आणि महिनाभरात सगळंच बदललं. रॅम नवी. बोर्ड नवा. डबा नवा. सुनीलकडून आणलेला एक स्क्रूसुद्धा त्यात उरला नाही. जुनं सगळं त्याने महाडच्या भंगारवाल्याला दिलं.

चला, एक बरं झालं, त्याला वाटलं. मशीनमध्ये काही भुताटकी असेल तर तीही भंगारात गेली.

बुधवारी दुपारी त्याने गेम लावला. चित्र पाण्यासारखं वाहायला लागलं. इतकं छान कधीच चाललं नव्हतं.

आणि हेडफोनमध्ये श्रुतिका एकदम गप्प झाली...

"काय झालं?"

"आता शब्द कळतायत," ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "ती म्हणतेय, माजं नाव आलं का रं बाळा?"

हृतिक गेममधून बाहेर पडला. तो परत कधी खेळायला आला नाही.

हर्षदने हेडफोन काढून आपटला. एवढा खटाटोप, एवढी डोकेफोड, आणि हे. तो तसाच बसला होता, तेवढ्यात आई शेतावरून आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"ती म्हातारी कुठं गेली रं?"

"कोण म्हातारी, आये?"

"तुज्या मागं बसलेली ना. खिडकीतून दिसली. उन्हातून आलीसं वाटलं, म्हणून पाणी आणलं."

नाव आलं का, हे लोक सुनीलच्या सेंटरवरच विचारायचे; हर्षदने तेव्हाच बाइक काढली आणि पोलादपूर गाठलं.

सुनील आता रिक्षा चालवतो. हर्षदचं ऐकून त्याने रिक्षा बाजूला घेतली.

"राहीबाई," तो म्हणाला. "वरच्या वाडीतली. पोरगा मुंबईला, इथं एकटी. दर बुधवारी उतरायची. घरकुलाच्या यादीत नाव आलं का, विचारायची."

"मग?"

"मी म्हणायचो, नाय आलं आजी, पुढल्या बुधवारी ये."

"आणि यादी?"

सुनील हँडल पुसायला लागला.

"गर्दी असायची रे. एकदा बघितलेली, सुरुवातीला. मग रोज कोण बघतंय. ती बिचारी मागं बाकावर बसून राहायची. दोन वर्षं. दोन पावसाळ्यांआधी रात्रीची तिच्या घराची भिंत पडली. आत एकटीच होती ती."

हर्षदने घरी येऊन सरकारी साइटवर घरकुलाची यादी उघडली. वाडीचं नाव टाकलं.

अकरावं नाव राहीबाईचं होतं. भिंत पडायच्या आधी वर्षभर ते तिथे होतं.

इतके दिवस तो नुसता वैतागला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला रडू आलं. त्याने माइक चालू केला. समोर कोणी नव्हतं, तरी भिंतीकडे तोंड करून तो सावकाश बोलला.

"आजी, तुमचं नाव आलंय. अकरावं हाय. कधीच आलं होतं."

खोलीत काहीच झालं नाही. पंखा फिरत राहिला. पण त्याला हलकं वाटलं. त्या रात्री तो गाढ झोपला.

पुढच्या बुधवारी त्याने श्रुतिकाला गळ घालून खेळायला बसवलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. खोकला नाही, आवाज नाही.

"गेली वाटतं," श्रुतिका म्हणाली. ती हसलीसुद्धा.

दोघं खेळत राहिले. बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा जिंकायला आले होते. आणि मग...

"हर्षद, घरी पाहुणे आलेत का?"

"नाय. का?"

"खूप लोक बोलतायत. तुझ्या मागे. बायका, पुरुष..." ती ऐकत राहिली. "माझंही बघ म्हणतायत. सगळेच. माझं बघ, माझं बघ."

हर्षदची मान वळेना. मानेवर बाजूच्या खिडकीतलं ऊन पडलं होतं ते गेलं, जणू मागे कोणी दाटीने उभं राहिलं होतं. काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने गेम खाली केला आणि मुकाट्याने ती अख्खी यादी उघडली. चारशेच्या वर नावं होती.

तो श्रुतिकाला एक शब्दही बोलला नव्हता.

"हर्षद," ती अगदी हळू म्हणाली, "तू आत्ता काय उघडलंस?"

"का?"

"सगळे एकदम गप्प झाले."

हर्षदने भिंतीतून वायर उपटली आणि मागे न बघता बाहेर पडला. तो कॉम्प्युटर अजून त्याच खोलीत आहे, चादर टाकून ठेवलेला. पण हर्षद तो विकायला तयार नाही. घेणाऱ्याला काय सांगायचं, असं विचारतो. बुधवारची सुट्टी त्याने बदलून घेतली, आणि त्या दिवशी आईलाही तो घरात एकटी राहू देत नाही.