तीन नकली हृदयं आणि बुवांचं ताट

या बाळांनो, जरा जवळ सरकून बसा. चंद्रावरच्या एका वस्तीतली गोष्ट सांगते. तीन आहार संगणकात जिंकले आणि माणसाच्या ताटात हरले, असं का झालं, त्याची ही गोष्ट.

त्या वस्तीत मोरेश्वरबुवा कीर्तन करायचे. गळा देवाने दिलेला, देह मात्र अवाढव्य. त्यांची लेक पृथ्वीवर. तिच्याकडे जायचं, तर उड्डाणाचा ताण हृदयाला सोसायला हवा. डॉक्टर म्हणाले होते, "आधी वजन, रक्तदाब आणि रक्तातली चरबी उतरवा. मग यानात बसा."

शेजारी लहानगी शाल्मली राहायची. तिची आई लांबच्या खाणीवर कामाला, रविवारी यायची. एरवी सोबतीला मापाड्या नावाचा यंत्रमानव. वस्तीतल्यांचे आहारही तोच ठरवायचा.

मापाड्याने बुवांच्या हृदयाच्या, सोबत रक्ताच्या आणि देहाच्याही, तीन प्रतिकृती (संगणकात चालणाऱ्या हुबेहूब नकला) केल्या. एकीला कमी तेलातुपाचं जेवण दिलं, दुसरीला कमी पिठासाखरेचं, तिसरीला भाज्या, डाळी, अख्खं धान्य, दाणे आणि बेताचं तेल.

"पहिलीत वाईट कोलेस्टेरॉल (धमन्यांत थर धरणारा मेद) जास्त उतरलं," मापाड्या म्हणाला. "दुसरीत ट्रायग्लिसराइड (रक्तातून फिरणारी चरबी). तिसरीत दोन्ही थोडं थोडं, शिवाय रक्तदाब. वजन तिन्हींत जवळपास सारखंच घटलं."

बुवांनी एकेक करून तिन्ही आहार धरले आणि तिन्ही सोडले. वजन तसूभर हललं नाही.

एका दुपारी शाल्मली डबा घेऊन त्यांच्याकडे गेली. ताट झाकलेलं, बुवांच्या हातात शेवेचा पुडा.

"आजोबा, हे काय?"

"अगं, तुझ्या मापाड्याचा हा पाला नैवेद्याला ठेवला, तर देवसुद्धा उठून जाईल." बुवा हसले, मग हळूच म्हणाले, "एकट्याने ताटावर बसवत नाही, पोरी. शेव कशी, उभ्याउभ्या खाता येते."

शाल्मलीने मापाड्याला विचारलं, "तुझ्या नकला कधी पथ्य मोडतात?"

"नाही. दिलं ते खातात."

"मग ते बुवा नव्हेत."

मापाड्याने सातत्य (रोज टिकून राहणं) धरून पुन्हा हिशेब केला. आहारा-आहारात फरक थोडा निघाला. पाळलेल्या आणि सोडलेल्या आहारात फार मोठा.

"तर मग बुवांना कोणता झेपेल, ते बुवांनाच विचारू," तो म्हणाला.

बुवांनी तिसरा निवडला. "यात भाकरी-उसळ आहे. समोर कुणी बसलं, तर जमेल."

त्या दिवसापासून शाल्मली रोज दुपारी त्यांच्यासमोर डबा उघडून बसू लागली. बुवा प्रत्येक घासामागे एक आख्यान सांगायचे. जेवण लांबायचं आणि पुडा फडताळातच राहायचा. डॉक्टरांच्या गोळ्याही चालूच होत्या. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी तपासलं, वजन, रक्तदाब, चरबी सगळं उतरलेलं पाहिलं आणि परवानगी दिली.

बुवांना घेऊन यान गेलं. दुसऱ्या दुपारी शाल्मलीने घरीच डबा उघडला. मापाड्या समोर येऊन बसला.

"मी जेवत नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. बस नुसता."

आता वस्तीत कुणाला आहार सांगायचा असला, की मापाड्या आधी विचारतो, "तुमच्यासोबत जेवायला कोण बसतं?" त्यामुळे कितीतरी जणांचं पथ्य टिकू लागलंय. शाल्मलीलाही त्याने विचारलं. ती म्हणाली, "रविवारी, आई. एरवी तू, नुसता."

बाळांनो, आज पानावर बसाल, तेव्हा देवाचं नाव घ्या आणि एकट्या माणसासमोर डबा उघडून बसणाऱ्या शाल्मलीची आठवण काढा.